उसन्या अळ्या

"सर, हे वर्ष संपायच्या आत आपण एखादी जिवंत गोष्ट बघणार आहोत का?"

प्रश्न विचारला रेणुकानं, पण तो शिजला होता श्रद्धा आणि वैष्णवीच्या बाकावर. 'विचारून दाखव, आम्ही दोघी तुझ्या पाठीशी आहोत,' अशी पैज होती. रेणुकानं विचारलं आणि मागं वळून पाहिलं, तर पाठीशी दोन खाली घातलेल्या माना होत्या. दोघींची पेनं भराभर चालत होती. सर काही सांगत नव्हते, तरी चालत होती.

नरसिंग सरांच्या जीवशास्त्राचा लातुरात दरारा होता. त्यांच्या नोट्समध्ये अख्खं जंगल पाच मुद्द्यांत बसायचं आणि वाघ नुसता 'उदा.' म्हणून यायचा. त्या सोमवारी सर अंगावर शाल घेऊन आले होते. बाहेर ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटावं. पण शाल सत्कारातली होती, बोर्डात आलेल्या पोरांच्या पालकांनी पांघरलेली. त्यामुळे सर ती मिरवून राहिलेत, असं वर्गाचं एकमत होतं.

"जिवंत गोष्ट?" सरांनी शाल सारखी केली. "पेपरात येते का?"

"परिसंस्था येते ना सर. सविस्तर लिहा म्हणून."

"मग असं कर. रविवारी टेस्ट झाली की तूच आम्हाला जिवंत परिसंस्था दाखव. उत्पादक, भक्षक, विघटक, सगळे हजर पाहिजेत. एक जरी गैरहजर असला, तर तू डी बॅचला."

हॉल हसला. श्रद्धा आणि वैष्णवी तर सगळ्यात मोठ्यानं.

डी बॅच म्हणजे काय, ते सांगायला हवं. ए बॅच खाली हॉलमध्ये, डोक्यावर पंखे. डी बॅच गच्चीवर, डोक्यावर पत्रे, शेजारी पाण्याची टाकी. आणि डी बॅच म्हणजे रेणुकासाठी थेट हदगाव. तिचे बाबा, बापूसाहेब, पंचायत समितीत हेडक्लार्क. घरीही कार्यालयीनच बोलायचे. जूनमध्ये ट्रंक उतरवतानाच त्यांनी बजावलं होतं, "ए बॅच सुटल्यास सदर मुलीस हदगावला परत आणण्यात येईल." जूनभर रेणुका रोज रात्री उशीत तोंड खुपसून परत जायचाच नवस बोलायची, माहूरच्या देवीलाच, कारण नावही तिचंच होतं. पण आपल्या पायानं घरी जाणं वेगळं आणि पत्ता चुकलेल्या पार्सलासारखं परत जाणं वेगळं. गल्लीतल्या सगळ्या काकवा दारात येऊन विचारणार, 'काय ग, झालं का लातूर?'

ती राहायची इंदूमावशींच्या घरात. खरं तर इंदूमावशी सोडून बाकी सगळे त्या घरात राहायचे. भूकंपाला चार वर्षं होत आली होती, तरी मावशी स्लॅबखाली झोपायच्या नाहीत. अंगणात पत्र्याची शेड ठोकून त्या एकट्या तिथं राहायच्या आणि पक्कं घर क्लासच्या पोरींना भाड्यानं दिलेलं. घरात काही लागलं, तर उंबऱ्याबाहेरून हाक मारायच्या. उशाशी पेल्यावर पेला आणि वर वाटी अशी उतरंड रचलेली. जमीन हलली की वाटी पडणार आणि आपण जागं होणार. मांजरानं ती वाटी कितीदा पाडली असेल, पण मावशी दर वेळी इमानानं बाहेर पळायच्या.

आणि स्लॅबखालच्या पोरी? सगळ्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. प्रत्येकीच्या नाकासमोर टाइमटेबल चिकटवलेलं, आणि त्यात 'बोलणे' हा विषयच नव्हता. अभ्यासाचे तास, जेवण, झोप, उजळणी. सुरुवातीला रेणुका एकीला म्हणाली, "माझ्या आईचा आज वाढदिवस आहे." ती मुलगी म्हणाली, "दिवा तुझ्याकडे वळव थोडा." हदगावला जिच्या तोंडाला कुलूप लावा म्हणून मास्तरांनी घरी निरोप धाडला होता, त्या मुलीचा आवाज लातुरात येऊन गंजायला लागला होता. वर्गात तो प्रश्न विचारताना स्वतःचाच आवाज ऐकून तिला केवढा आनंद झाला! पैज वगैरे सगळं बहाणा होता.

तर परिसंस्था.

"मावशी, एक मोठी काचेची बरणी आहे का?"

"हाय की. लोणच्याची. आत कपाटावर. तूच आण, म्या न्हाई जात."

बरणी धुतली तरी हिंगाचा वास गेला नाही. (हिंगाचा परिसंस्थेवर परिणाम, हा मुद्दा नोट्समध्ये नव्हता.) तळाला चिखल, म्हणजे विघटक. हौदाच्या कडेचं शेवाळ, म्हणजे उत्पादक. आणि हौदातल्या पाण्यात वळवळणाऱ्या डासअळ्या, प्रथम भक्षक. लातूरच्या नळाला आठवड्यानं पाणी यायचं, त्यामुळे घरोघरी हौद आणि हौदोहौदी अळ्या. ही बरणी खिडकीत ठेवून रेणुका तिच्यासमोर बसली आणि जेवायचं विसरली. अळ्या डोकं खाली आणि शेपूट वर करून पाण्यात तिरक्या लोंबायच्या आणि शेपटीनं श्वास घ्यायच्या. रेणुकाची सावली पडली की सगळ्या एका झटक्यात बुडी मारायच्या, अगदी ए बॅचसारख्या. पण जरा थांबलं की परत वर यायच्या. ए बॅच येत नसे.

"तुम्ही तरी वर येता बाई," रेणुका त्यांना म्हणाली. बाजूच्या टेबलावरून "शूऽऽ" असं आलं.

उणीव एकच होती. अळ्यांना खाणारा कोणी नव्हता. शेजारचे श्रीमंतकाका, एसटीतून निवृत्त, कुंपणावरून बरणीत वाकून म्हणाले, "बेडूक टाक." मग म्हणाले, "बेडूक उडी मारून जाईल. झाकण लाव." मग म्हणाले, "झाकण लावलं तर मरेल. बेडूक नकोच. मी पहिल्यापासून सांगून राहिलो, मासा टाक. हिवताप ऑफिसात गप्पी मासे फुकट देतात."

मंगळवारी शाळा सुटल्यावर रेणुका हिवताप ऑफिसात. टेबलामागं सिद्रामप्पा नावाचे कारकून, पुढ्यात चहाची बशी.

"मासे घरमालकालाच मिळतात," ते म्हणाले. "मालक कुठंय?"

"मालकीण आहेत. पत्र्यात राहतात."

"पत्र्यात हौद आहे?"

"नाही. हौद घराला आहे."

"मग घरातल्या माणसानं यावं."

"घरात मालकीण राहत नाहीत."

"मग हौद कुणाचा?"

रेणुकाला वाटलं, हा प्रश्न पुढच्या जन्मापर्यंत जाणार. सिद्रामप्पांनी बशी ओठाला लावली, महिनाअखेरच्या टार्गेटच्या तक्त्याकडे दुःखानं पाहिलं आणि सहज विचारलं, "बरं, अळ्या तरी नक्की आहेत का? कुठं कुठं बघितल्या?"

इथं घात झाला. जूनपासून रेणुकाला एकच गोष्ट शिकवली होती. प्रश्न आला की मुद्दे सोडायचे नाहीत. जास्त मुद्दे, जास्त मार्क. शिवाय समोरचा माणूस चक्क ऐकत होता. तिनं हात मागं बांधले आणि सुरुवात केली. आमच्या गल्लीत डासअळ्यांचे अधिवास पुढीलप्रमाणे आहेत. इंदूमावशींचा हौद. श्रीमंतकाकांच्या मागच्या अंगणातला टायर, जो ते झोपाळ्यासाठी राखून आहेत. रहमतबींच्या कोंबड्यांचं पाण्याचं भांडं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची कुंडी. आणि आमच्या क्लासच्या गच्चीवरची टाकी, तिला झाकण नीट बसत नाही म्हणून तिथंही असण्याची शक्यता नाकारता येत नाही. "आकृती काढू का?"

सिद्रामप्पांचा चहा गार झाला. ते लिहीत होते. रेणुकाच्या आयुष्यात तिचं बोलणं कुणी एवढ्या मनापासून उतरवून घेतलं नव्हतं. ती घरी उड्या मारत आली.

बुधवारी सकाळी गल्लीत पथक शिरलं. पुढं मोहियोद्दीनभाई, हातात बॅटरी आणि लांब दांड्याची पळी. हौदात बॅटरी मारून ते ओरडले, "या अल्ला! इथं तर पूरी शाळा भरलीय!" आणि बूच काढलं. एकामागून एक सगळे हौद रिकामे झाले. टायर जप्त. कोंबड्यांचं भांडं पालथं. नळाला पाणी येऊन गेलं होतं परवाच. म्हणजे सगळा आठवडा कोरडा. लातुरात माणूस एक वेळ दूध सांडेल, पाणी नाही. आणि इथं गटारीतून ते खळखळ वाहत होतं, आणि सगळी गल्ली ओट्यावर उभी राहून मयतीला आल्यासारखी बघत होती.

"कुणी नाव दिलं आमचं?" श्रीमंतकाका गरजले.

"ती शाळेतली बेटी," मोहियोद्दीनभाई कौतुकानं म्हणाले. "काय हुशार! सगळं तोंडपाठ. हे घे बेटी, तुझे मासे." आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत पोहणारे दोन गप्पी रेणुकाच्या हातात ठेवले. त्या क्षणी तिला त्या पिशवीत मावायचं होतं.

क्लासच्या टाकीपर्यंत मात्र पथक पोचलं नाही. हिवताप ऑफिसातल्या साहेबांचा मुलगा ए बॅचला होता आणि नरसिंग सर स्वतः दारात उभे होते, शाल पांघरून. "इथं पोरं घडतात. डास न्हाई," म्हणाले. पथक नमस्कार करून परत फिरलं.

गल्लीनं रेणुकाला जे काही ऐकवलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. घरातल्या पोरी आधीही बोलत नव्हत्या, पण आता ठरवून बोलेनात. बाहेरच्या माणसाला फरक कळला नसता. रेणुकाला कळला. आधीचं गप्प बसणं पुस्तकाकडे बघून असायचं, आताचं तिच्याकडे बघून होतं. ती दप्तर घेऊन अंगणात रिकाम्या हौदाच्या कडेला बसली आणि वाट बघत राहिली, इंदूमावशी ट्रंक कधी बाहेर ठेवायला सांगतात त्याची.

मावशी आल्या. त्यांनी एक घागर तिच्या पुढ्यात ठेवली, एक स्वतःच्या कमरेवर घेतली. "चल. बोअरवर रांग लागली असंल."

बोअर लांब होता. वाटेत मावशी एकदाही रागावल्या नाहीत आणि एकदाही गप्प बसल्या नाहीत. चार वर्षांचं साचलेलं बोलणं होतं ते. बोअरवाल्याची सून, गुळाचा भाव, नव्या पोरींना भाकरी कशी येत नाही. मग मध्येच म्हणाल्या, "माझ्या माहेरच्या भिंती दगडाच्या. हातभर जाड. उन्हाळ्यात अशा थंडगार, की पाठ लावून बसावं वाटायचं." घागर दुसऱ्या कमरेवर घेतली. "सगळी माणसं त्याच भिंतींखाली ऱ्हायली. म्हणून म्या आत न्हाई जात. पोरींना वाटतं मावशी येडी हाय."

"मला नाही वाटत," रेणुका म्हणाली.

"तुला कशाला वाटंल. तू तर अळ्यांशी बोलतीस."

दोघी हसल्या आणि रेणुकाची अर्धी घागर सांडली. परत रांगेत उभं राहावं लागलं. तिला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

पण रविवार जवळ येत होता. मासे बुधवारी संध्याकाळीच बरणीत सोडले होते. गुरुवारी सकाळी बघते तर मासे टम्म आणि अळी औषधालाही नाही. अन्नसाखळीची एक कडी दोघांनी एका रात्रीत फस्त केली होती. नव्या आणाव्यात, तर हौद कोरडे, टायर सरकारजमा. आपल्याच हुशारीनं रेणुकानं अख्ख्या गल्लीतला प्रथम भक्षक नामशेष केला होता.

शुक्रवारी ती वाटी घेऊन निघाली.

"काकू, चार अळ्या असतील का? उसन्या?"

पहिलं दार तोंडावर आपटलं. दुसऱ्या दारात रहमतबी तिच्याकडे बघतच राहिल्या. "बेटा, परवा काढून नेल्या, आज मागायला आलीस? तुला नक्की काय हवंय?" श्रीमंतकाका कुंपणावरून म्हणाले, "माझा टायर आण, मग अळ्या." आणि आत जाता जाता पुन्हा म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगून राहिलो, बेडूक टाक."

रविवार उजाडला. टेस्ट झाली. ए बॅच मागं रेलून बसली, तमाशाचं तिकीट काढल्यासारखी. रेणुकानं बरणी टेबलावर ठेवली. नरसिंग सरांनी चष्मा लावला. शाल आज कानांवरून घेतली होती.

"उत्पादक?"

"शेवाळ, सर."

"विघटक?"

"चिखलात आहेत, सर. दिसत नाहीत."

"प्रथम भक्षक?"

"खाल्ले, सर."

हॉल असा फुटला की मासेही दचकले. श्रद्धा बाकावर डोकं ठेवून हसत होती. रेणुकाचे कान तापले. मग तिला टाकी आठवली. "सर, एक मिनिट!" म्हणून बरणी उचलून ती जिन्याकडे धावलीसुद्धा. मागून सरांचं "ए पोरी!" ऐकू आलं, पण त्यात नेहमीचा दम नव्हता.

वर डी बॅच पत्र्याखाली घाम पुसत बसली होती, आणि आश्चर्य म्हणजे एकमेकांशी बोलत होती. बरणी बघितल्याबरोबर सगळे उठले. "मासे! खरे?" "काय खातात?" "नावं काय ठेवलीस?" एवढे प्रश्न तिला लातुरात कुणी विचारले नव्हते. अजहर म्हणून एका मुलानं टाकीचं झाकण सरकवलं, दुसऱ्या कुणी डब्याचं झाकण बुडवून पाणी काढलं.

अळ्याच अळ्या. पण या तिरक्या लोंबत नव्हत्या. या पाण्याच्या पृष्ठभागाशी आडव्या, समांतर पडल्या होत्या.

दोन-तीन दिवस बरणीतल्या अळ्या बघत बसलेल्या माणसालाच हा फरक डोळ्यात भरतो. आडवी अळी ॲनॉफिलिसची. ॲनॉफिलिसची मादी चावली आणि तिच्यात परजीवी असला, की हिवताप. हे सरांच्याच नोट्समध्ये होतं. रेणुका डब्याचं झाकण हातात धरून उभी राहिली. सोमवारी शाल. मंगळवारी शाल नव्हती, सरांनी कोपरापर्यंत बाह्या सारून शिकवलं होतं. बुधवारी दारात शाल. शुक्रवारी शाल आणि तास लवकर सोडला. आज रविवार.

ती जिन्यावरून खाली आली तेव्हा हॉल शांत होता. सर खुर्चीत बसले होते आणि त्यांचे दात वाजत होते. समोरची सगळी ए बॅच अदबीनं खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होती.

"सर," रेणुका म्हणाली, "तुम्हाला हिवताप झालाय."

"डी... डी बॅच!" सर म्हणाले. दात वाजत असल्यानं डी अनेकदा आला.

"सर, एक दिवसाआड थंडी वाजून ताप. तुम्हीच लिहून दिलंय. खाली रेघ मारायला सांगितली होती तुम्ही."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या झाकणाकडे. मग स्वतःच्या थरथरणाऱ्या बोटांकडे, जणू ती कुणा दुसऱ्याची होती. "रेघ मारायला सांगितली होती," ते हळूच म्हणाले आणि डोकं टेबलावर ठेवलं.

रिक्षा आणायला डी बॅच धावली. ए बॅचनं वाट करून दिली.

मोहियोद्दीनभाईंनी सरांच्या बोटाला टोचून काचपट्टी नेली आणि निकाल आला तो रेणुका म्हणाली तसाच. टाकी रिकामी झाली, घासली गेली, झाकण नवं आलं. गोळ्या संपल्यावर सर परतले, गालफडं आत गेलेली, शाल नाही. त्यांनी रेणुकाला गच्चीवरून खाली बोलावलं. हातात खडू होता.

"तो तुझा प्रश्न," ते म्हणाले, "पेपरात येत नाही." खडू खाली ठेवला. "पण बरोबर होता. ये, ए बॅचला बस."

श्रद्धानं लगेच दप्तर सरकवून जागा केली. वैष्णवी म्हणाली, "आम्ही होतोच ना ग तुझ्या पाठीशी." रेणुका त्या जागेकडे बघत उभी राहिली. इथं हवं होतं ते सगळं होतं. पंखा होता, मान होता, हदगावच्या काकवांना द्यायला उत्तर होतं. नुसतं बोलायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी ती एसटीडी बूथमध्ये गेली. पलीकडून आधी बाबा, आणि त्यांच्या खांद्यावरून आई.

"बाबा, मला ए बॅचमध्ये परत घेतलंय."

"उत्तम. सदर बाब समाधानकारक आहे."

"मी नाही म्हणाले."

पलीकडे खरखर झाली. "म्हणजे?"

"मी गच्चीवरच्या बॅचला बसणार आहे. आणि खोली सोडतेय. इंदूमावशींच्या शेडमध्ये राहायला जातेय."

"अग पण," बाबांचं कार्यालयीन मराठी पार सुटलं, "लोक पत्र्यातून स्लॅबमध्ये जातात ग पोरी! तू उलटी निघालीस? शाळेला पत्रा, झोपायला पत्रा! तू काय भूकंपग्रस्त आहेस?"

आईनं रिसीव्हर ओढून घेतला. "रेणू, रडून राहिलीस का? परत यायचंय का तुला घरी?"

रेणुकाला एकदम हदगावचं अंगण दिसलं. 'हो' ओठांपर्यंत आलं होतं. बूथच्या काचेतून बाहेर इंदूमावशी दिसत होत्या, पायाशी घागर आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली बरणी. मावशींनी उशाजवळची पेल्यांची उतरंड कालच मोडली होती. आता तिथं बरणी असते. पाणी हललं की भूकंप. काल रेणुका तिथं बसली असताना एक ट्रक गेला आणि दोघी हातात हात धरून अंगणात पळाल्या होत्या, आणि तिथंच बसून पोट दुखेस्तोवर हसल्या होत्या.

"नाही आई, परत येणार नाही," ती म्हणाली. "बोर्डात येते का नाही ते माहीत नाही. पण मी इथंच राहणार, पत्र्यात. तिथं माझ्याशी बोलतात ग. आता ठेवते, मावशी खोळंबल्यात, आणि माशांना अजून खायला मिळालेलं नाही."